वळणाबाहेरची घडण : पंडिता रमाबाई

१

मुलीच्या वाढीविषयी बोलताना मराठी माणूस वळण हा शब्द वापरतो. अक्षराला वळण असते, रस्त्याला वळण असते, आणि घरात मुलीला वळण लावावयाचे असते. कोणासमोर बसावे, कोणासमोर उभे राहावे, कोणाच्या देखत बोलावे, कोणाच्या देखत मान खाली घालावी, हे सारे या एका शब्दात सामावते. समाजशास्त्र ज्या प्रक्रियेस सामाजीकरण म्हणते तिचे हे घरगुती नाव होय. जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या विवेचनानुसार मूल भोवतीच्या माणसांच्या भूमिका मनाने घेऊन पाहते, त्यांच्या दृष्टीने स्वतःकडे पाहावयास शिकते, आणि त्यातूनच त्याचे स्वत्व आकारास येते. हे खरे मानले, तर जिला घर, गाव, शेजार आणि सासर यांपैकी काहीच लाभले नाही अशा मुलीच्या स्वत्वाची घडण कशी होत असेल?

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र या प्रश्नाच्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्यांच्याविषयीच्या लेखनात दोन प्रतिमा वरचेवर आढळतात : रूढीविरुद्ध उठलेली तेजस्विनी ही एक, आणि स्वधर्म सोडून गेलेली विदुषी ही दुसरी. या प्रतिमा परस्परविरोधी असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. रमाबाईंना प्रथम समाजाचे वळण लागले होते व पुढे त्यांनी ते मोडले, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. चरित्रातील तपशील मात्र निराळे सांगतात. जे वळण त्यांनी मोडले असे म्हटले जाते ते त्यांना कधी लागलेच नव्हते. आणि जे लागले होते ते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. प्रस्तुत लेखात हे दुसरे वळण कोणते, याचा विचार करावयाचा आहे.

२

या कथेचा आरंभ रमाबाईंच्या जन्माच्या कितीतरी आधी होतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन कुटुंबातील. पुण्यास अध्ययन करीत असताना आपले गुरू रामचंद्रशास्त्री साठे यांच्यासमवेत ते पेशव्यांच्या वाड्यात जात. तेथे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला शास्त्रीबुवा संस्कृत शिकवीत. स्त्री संस्कृत शिकू शकते हे त्या तरुण विद्यार्थ्याने तेथे पाहिले, आणि आपल्या पत्नीलाही शिकवावयाचे असे ठरविले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत हा बेत घरच्यांच्या विरोधामुळे सिद्धीस गेला नाही. तिच्या निधनानंतर यात्रेस गेले असता गोदावरीकाठी एका गृहस्थाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांना दिली. या लक्ष्मीबाईंना मात्र अनंतशास्त्र्यांनी संस्कृत शिकविले. त्यावरून गवगवा झाला, आणि उडुपीच्या धर्मसभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी ती शास्त्रवचनांच्या आधारेच मांडली. रूढीला विरोध करावयाचा, पण ग्रंथाचे प्रामाण्य सोडावयाचे नाही, ही त्यांची रीत होती. पुढे ते पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात आश्रम करून राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

त्या सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून, डोक्यावरून वाहून नेलेले ते मूल पुढील वीस वर्षे सतत प्रवासात राहिले. तीर्थक्षेत्री जावे, देवळाच्या आवारात किंवा घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्यावर आईने त्यांचे अध्ययन सुरू केले. भागवताचे हजारो श्लोक त्यांनी मुखोद्गत केले. घरात मराठी, पाठात संस्कृत, आणि वाटेत कानडी, हिंदी, पुढे बंगाली, अशा भाषा त्यांच्याकडे येत गेल्या. मराठी ही त्यांच्या प्रदेशाची भाषा कधीच नव्हती. ती कुटुंबाबरोबर चालणारी भाषा होती.

हे बालपण मुक्त होते, असे मात्र म्हणता येणार नाही. सोवळेओवळे, व्रते, उपोषणे, पारायणे यांत ते कुटुंब स्थिरस्थावर ब्राह्मण घरापेक्षाही कडक होते. फरक इतकाच की हे वळण मुलगी म्हणून लावलेले नव्हते. पुराणिक म्हणून लावलेले होते. नणंदा-जावांच्या मध्ये वावरण्याचे, मोठ्यांपुढे गप्प राहण्याचे, सासरी जाण्याच्या दिवसाची तयारी करण्याचे शिक्षण रमाबाईंना मिळाले नाही. लोकांसमोर बसून बोलणे आणि त्यांनी ते ऐकणे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने अगदी नित्याची होती. थोरली बहीण कृष्णाबाई हिचे लग्न लहानपणीच करून दिले होते. ते विफल ठरले, आणि त्या अनुभवानंतर धाकटीच्या लग्नाची घाई वडिलांनी केली नाही. ज्या वयात इतर मुलींना आपण कोणाची सून आहोत हे कळू लागे, त्या वयात रमाबाईंना आपण कोणता अध्याय सांगणार आहोत एवढेच ठाऊक होते.

या शिक्षणातील उणीव दुष्काळात उघडी पडली. मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई झाली तेव्हा पुराण ऐकावयास कोणी उरले नाही, आणि पुराणाखेरीज दुसरे काहीच कुटुंबास येत नव्हते. मोलमजुरी करण्याचे किंवा भीक मागण्याचे वळण त्यांना नव्हते. १८७४ मध्ये प्रथम वडील आणि थोड्याच काळात आई निवर्तली. पुढे बहीणही गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेसे ब्राह्मण मिळेनात. तेव्हा मुलीनेही एक बाजू धरली, आणि उंची कमी पडली म्हणून ती खांद्याऐवजी डोक्यावर घेतली. हा प्रसंग पुष्कळदा करुण म्हणून सांगितला जातो, आणि तो करुण आहेच. परंतु मुलाच्या वाट्याचे कर्तव्य मुलीकडे यावयाला त्या कुटुंबात कोणाची परवानगी लागली नाही, हेही त्यातून दिसते.

३

१८७८ मध्ये रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडून कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आतापर्यंत जे कुटुंबाचे उपजीविकेचे साधन होते, त्याला नगरातील विद्वत्समाजाने एक नाव दिले, आणि त्या नावाबरोबर एक भूमिकाही दिली. प्राचीन भारतातील विदुषींची परंपरा खंडित झालेली नाही याचा जिवंत पुरावा म्हणून बंगालमधील सुशिक्षित वर्ग त्यांच्याकडे पाहू लागला. वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रीला नाही, ही मर्यादा खुद्द अनंतशास्त्र्यांनीही पाळली होती. केशवचंद्र सेन यांनी मात्र त्यांच्या हाती वेदांची प्रत दिली.

समाजाने पुढे धरलेल्या या आरशात रमाबाईंनी पाहिले, पण त्यात त्यांना अपेक्षेपेक्षा निराळे दिसले. अंतःपुरातील स्त्रियांना धर्म सांगावा म्हणून त्यांना धर्मशास्त्राचे वाचन करण्यास सुचविण्यात आले. पुराणे लहानपणापासून तोंडपाठ असली तरी हे ग्रंथ त्यांना नवे होते. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले की इतर बाबतींत ग्रंथकारांचे एकमत नसले तरी स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी ते बहुधा एकमताने बोलतात. गावोगावच्या मुलींना जे न वाचता, घरातील वागणुकीतून, चार-पाच वर्षांच्या वयात कळते, ते रमाबाईंना विसाव्या वर्षानंतर ग्रंथ वाचून कळले. वय वाढलेल्या आणि विचार करू शकणाऱ्या माणसाला स्वतःची समाजातील जागा अशी एकदम, लिखित स्वरूपात कळणे ही दुर्मिळ घटना आहे. ज्याला ती बालपणीच कळते त्याला ती निसर्गनियमासारखी वाटते. रमाबाईंना ती एक मत म्हणून भेटली, आणि मताचे खंडन कसे करावे हे वडिलांच्या घरात त्या शिकल्या होत्या.

मे १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा ही कन्या झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. पत्नी, माता आणि विधवा या तीन भूमिका, ज्यांची पूर्वतयारी इतर स्त्रियांना अख्खे बालपण देत असते, त्या रमाबाईंकडे दोन वर्षांच्या आत, कोणत्याही तयारीविना आल्या.

४

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. महाराष्ट्राचा आणि त्यांचा परिचय येथे नव्याने झाला. विधवेने बोडके डोके झाकून घराच्या मागील खोलीत असावयाचे, अशी ज्या नगरातील ब्राह्मण घरांची रीत होती, तेथे एक तरुण विधवा केस राखून, मुलीला कडेवर घेऊन, सभेत व्याख्यान देत होती. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिकांची व स्त्रीवैद्यांची गरज मांडली.

त्या व्याख्यानांना जाणाऱ्या स्त्रियांत न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाईही होत्या. या दोन रमाबाईंची तुलना उद्बोधक आहे. रमाबाई रानडे यांचा १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह झाला. पतीने त्यांना शिकविण्यास आरंभ केला, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे टोचले. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत ही कुचंबणा पानोपानी दिसते. पंडितेच्या सभेस गेल्याबद्दलही त्यांना बोलणी खावी लागली. त्यांचे स्वत्व दोन आज्ञांच्या ओढाताणीत घडले : पतीची एक, आणि घरातील स्त्रियांची दुसरी. बंगालीतील राससुंदरी देवी यांच्या 'आमार जीवन' या आत्मचरित्रातही घराचा असाच दाब आहे. पोथीचे पान लपवून ठेवून, स्वयंपाकघरात, कोणाच्या नकळत त्या अक्षरे शिकल्या. एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या आत्मकथनात चूल, सासू, पदर आणि लपविलेले पुस्तक वारंवार भेटतात. पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनात यांपैकी काही नाही. तेथे रस्ता आहे, देऊळ आहे, भूक आहे, आणि उघड्यावर मोठ्याने केलेले पठण आहे. त्यांना पुस्तक लपवावे लागले नाही. म्हणून लपविण्याची कला, आणि तिच्याबरोबर येणारी तडजोडीची कला, त्या शिकल्या नाहीत. रमाबाई रानडे घरातल्या घरात वाट काढीत राहिल्या आणि १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनापर्यंत पोहोचल्या. पंडितेला वाट काढणे ठाऊक नव्हते. वाट धरणे तेवढे ठाऊक होते.

५

१८८३ मध्ये इंग्लंडला जाण्यामागे वैद्यकीय शिक्षणाचा हेतू होता, परंतु श्रवणदोषामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराच्या कारणांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा ठरतो.

मठ हे एका अर्थी रमाबाईंना मिळालेले पहिले घर होते. तेथे वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या, ठरलेल्या वेळा होत्या, आज्ञापालन हा सद्गुण होता. सासरी नवी सून यावी तशा त्या तेथे आल्या होत्या, आणि त्यांना वळण लावण्याची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांनी मनोभावे घेतली. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यातील वादाचे विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतात : मांसाहार न करणे, अंडी घातलेला पदार्थ नाकारणे, क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत हा आग्रह. पुढे त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार असे मोठे विषय आले. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. ज्या स्त्रीने बालपणापासून पुरुषांच्या समुदायापुढे पुराण सांगितले होते, तिला या आक्षेपाचा अर्थच कळणे कठीण होते. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो ग्रंथ वाचून, आणि चर्चशी त्या भांडल्या त्याही ग्रंथाच्या आधारे. उडुपीच्या सभेत अनंतशास्त्री उभे राहिले होते तसेच हे उभे राहणे होते.

सर्वांत बोचरा वाद मनोरमेविषयी होता. मुलगी कोणी वाढवावी, कोणत्या लोकांत वाढवावी, तिला कोणती श्रद्धा कोणी शिकवावी, यांवर आई आणि धर्ममाता यांचे मतभेद झाले. स्वतःच्या घडणीविषयी रमाबाई फारशा बोलत नाहीत. मुलीच्या घडणीविषयी बोलताना मात्र त्यांची जाणीव अतिशय तीव्र होते. बालपणी जे बिंबते ते नंतर निघत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते.

६

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि पुढील दोन-अडीच वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. बालपण, विवाहित जीवन, समाजातील व धर्मातील स्थान, वैधव्य, अशा क्रमाने ते जाते. म्हणजे एका मुलीची स्त्री कशी घडविली जाते, याचे ते टप्प्याटप्प्याने केलेले वर्णन आहे. यांपैकी सासरी नांदणे व विधवेचा छळ हे टप्पे लेखिकेच्या वाट्यास रूढ स्वरूपात आलेच नव्हते. आतल्या माणसाला जे सवयीमुळे दिसेनासे होते, ते तिला बाहेरून दिसले. त्याचबरोबर बाहेरून पाहणाऱ्याचा एकेरीपणाही त्या पुस्तकात आला. घरात राहूनही स्त्रिया स्वतःसाठी जी जागा करून घेतात, ती तेथे क्वचितच दिसते.

अमेरिकेत त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, निधी जमविला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. उच्चवर्णीय बालविधवांना शिक्षण आणि निवारा देणे हा त्याचा हेतू. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. ज्या मुलींना घराने विधवा ही एकच भूमिका दिली होती, त्यांना विद्यार्थिनी, शिक्षिका, मिळवती स्त्री अशा दुसऱ्या भूमिका देणे, असे त्या संस्थेचे कार्य थोडक्यात सांगता येईल. जातीचे आचार पाळण्याची मुलींना तेथे मोकळीक होती.

तथापि १८९३ मध्ये वाद पेटला. रमाबाई मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली तेथे येऊन बसत. कोणासही बोलाविले नाही आणि कोणास अडविणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. या वादाकडे धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. परंतु दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली आणि एकाही बाजूने स्पष्ट न बोललेली गोष्ट अशी की, उघडे दार हेही एक वळण आहे. ज्या बाईंनी आपल्याला छायेखाली घेतले त्यांचे अनुकरण मुलगी करणारच; तीच घडणीची रीत आहे. उघड्यावर पठण करणाऱ्या आईवडिलांजवळ बसून वाढलेल्या रमाबाईंना हे कळत नव्हते, असे म्हणणे अवघड आहे. वाँटेजच्या मठाकडून मनोरमेच्या बाबतीत जी सावधगिरी त्यांनी मागितली होती, तीच आता पुण्यातील पालक त्यांच्याकडे मागत होते. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी निराळी संस्था काढली, ती या पार्श्वभूमीवर.

७

त्यानंतरचे कार्य केडगावचे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्ती सदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या कुटुंबाला पुराणाखेरीज काही येत नव्हते, म्हणून ते उपासमारीत संपले, याची आठवण या वस्तीच्या व्यवस्थेत जागोजाग दिसते. शेती, विणकाम, तेलाची घाणी, दुग्धव्यवसाय, छापखाना, यांपैकी काहीतरी प्रत्येकीला आलेच पाहिजे, असा तेथे दंडक होता. मात्र शारदा सदनातील मोकळीक येथे उरली नाही. ही ख्रिस्ती वस्ती होती, आणि तिचे वळण एकच होते.

१९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई आपल्या तीर्थयात्री बालपणाकडे व्यर्थ गेलेल्या श्रमांच्या दृष्टीने पाहतात. आत्मकथनाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावे. आठवणारी व्यक्ती आता एका नव्या समुदायाची माता आहे, आणि तो समुदायच तिचा श्रोता आहे. वडिलांच्या आचाराचा ती निषेध करते. परंतु तिची दिनचर्या पाहिली तर वडिलांचेच वळण दिसते. ठराविक उत्पन्न नाही, ईश्वरावर भरवसा ठेवून येईल त्या देणगीवर निर्वाह. राहणीत कडक साधेपणा. आणि आयुष्याच्या केंद्रस्थानी एक ग्रंथ. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात घालविली. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, म्हणून आपली मराठी सोपी असावी हा त्यांचा कटाक्ष होता. संस्कृतात वाढलेल्या त्या पुराणिकेने अखेरीस संस्कृत शब्द वेचून बाजूला काढले. पण ग्रंथ श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे, हा घराण्याचा व्यवसाय मात्र चालूच ठेवला.

मनोरमेला त्यांनी एकाच भूमिकेसाठी घडविले : आपल्यामागे हे कार्य चालविणारी कन्या. ती भूमिका तिने निष्ठेने स्वीकारली, आणि जुलै १९२१ मध्ये आईच्या आधीच तिचे निधन झाले. हाती घेतलेले भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगाव येथे निवर्तल्या.

या चरित्रावरून समाजाच्या घडणीबाहेर एखादे स्वत्व उभे राहू शकते, असा निष्कर्ष निघत नाही. रमाबाईंचे स्वत्व बालपणीच, आणि पक्के, घडलेले होते. त्या घडणीत स्त्री म्हणून ठरलेली जागा समाविष्ट नव्हती, इतकेच. त्यामुळे पंडिता, विधवा, धर्मकन्या अशी एकेक भूमिका समाजाने पुढे केली, तेव्हा ती त्यांना पूर्णपणे आपली वाटली नाही, आणि तिच्यात काय अन्याय्य आहे हे त्यांना इतरांआधी दिसले. स्वतःच्या वळणाकडे मात्र त्या तितक्याच अलिप्तपणे पाहू शकल्या नाहीत. शारदा सदनाचे उघडे दार आणि मनोरमेचे ठरवून दिलेले आयुष्य यांचा उलगडा येथे होतो. दोन हजार स्त्रियांना त्यांनी नवे आयुष्य दिले. आणि ते देताना, वळण लावणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे, आपले वळण हेच सरळ आहे असे त्यांनी मानले.